विहिरीच्या पाण्यातला साका

समारंभाच्या अध्यक्ष नेई काबुरी, मानाच्या चटईवर बसलेले गावचे वडीलधारे, पाद्री, मुख्याध्यापक, ज्यांच्या निरोपासाठी आपण गावच्या या सभाघरात, मानेआबात, जमलो त्या आमच्या तेरेतिया बाई, आणि खांबांपर्यंत दाटून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी तेन बाउरो, शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा. चौथीपुढे शिकलो नाही. बोलताना गडबडतो, म्हणून लिहून आणलंय. आता अक्षरच लागत नाहीये.

बाई अकरा वर्षं इथे होत्या. त्यांचा एकच नियम. दोन क्षारांचं पाणी एकत्र ओतायचं, पण आधी सांगायचं, तळाशी साका बसेल की नाही. मी कोपऱ्यातून प्रत्येक वेळी म्हणायचो, "बसणार." मला चांगलं काही होईल असं वाटतच नाही, त्याला काय करू? पोरं हसायची. "आजोबांच्या ताडीतसुद्धा साका बसतो." बाई समजावायच्या, "आजोबा, सोडियम, पोटॅशियम, नायट्रेट कधी बसत नाहीत. पण चांदीला मिठातलं क्लोराइड भेटलं, की पांढरा साका ठरलेला."

एवढं मात्र डोक्यात राहिलं. कारण चांदीच्या क्षाराच्या त्याच बाटलीने बाई दर महिन्याला आमच्या विहिरी तपासायच्या. समुद्र आत शिरलाय का, हे चार थेंब सांगत. शेजारच्या तीन विहिरी खाऱ्या झाल्या, खड्ड्यांत लावलेले बाबाईचे कंद कुजले, माणसं बोटीने निघून गेली. फक्त माझ्या विहिरीवर मी म्हणायचो, "नाही बसणार," आणि पाणी जेमतेम धुरकट व्हायचं. मुलगी राजधानीहून, तारावाहून म्हणते, "बाबा, या आता इकडे." मी म्हणतो, "पाणी गोड आहे तोवर नाही."

आज सकाळी बाटलीत शेवटचे थेंब होते. बाई उद्या जाणार. नवी बाटली मागवणार कोण? विहिरीवर त्यांनी विचारलं, "सांगा आजोबा."

महिनाभर पाण्याची चव मला कळत होती. मी म्हटलं, "बसणार."

बाई म्हणाल्या, "आज तरी चुका ना."

चुकलो नाही. नळीतलं पाणी नारळाच्या दुधासारखं पांढरं झालं.

बाई, तुमचे आभार. उत्तर बरोबर आलं की तुम्ही पाठ थोपटायचात. आज थोपटली नाहीत, त्याबद्दलही आभार.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि मघाचा चहा खारट लागला असेल तर माफ करा. पाणी मी कालच भरून ठेवलं होतं, माझ्याच विहिरीचं.