दहा मिनिटांचं ऑफिस

हसायचं नंतर, आधी ऐकून तर घ्या. अठरा वर्षं मी वर्धा-नागपूर अपडाऊन केलं, तेही बसमध्ये घोरत. शेवटी बायकोनं बजावलं, "पुरे झालं आता. घरापासून दहा मिनिटांच्या वर जायचं नाई." मग खटपट करून बदली नालवाडीला आणली. वर्ध्याच्या टोकालाच ते.

पहिल्याच दिवशी सकाळी दहाला हजर व्हायचं होतं. स्टँडवर नागपूरची बस उभी होती, कंडक्टर म्हणाला नालवाडीला थांबते. खिडकीजवळ बसलो, डोकं टेकलं. डोळे उघडले ते थेट नागपुरात!

पाय आपोआप जुन्या ऑफिसात घेऊन गेले. बडे बाबू माझ्याकडे बघतच राहिले.

"काऊन भाऊ, तुमची तर बदली झाली ना?"

"झाली नं."

"मंग इथं काय करून राह्यले?"

"नालवाडीले चाललो."

"नागपूरवरून?"

घड्याळात साडेअकरा. तेवढ्यात बायकोचा फोन.

"पोचले का हो?"

"पोचलो नं."

"पाहा, मी म्हटलं नव्हतं? किती जवळ पडते! दुपारी जेवायले घरीच येजा."

फोन ठेवला आणि बड्या बाबूंना म्हणालो, "एक कोरा कागद द्या. बदली रद्द करायचा अर्ज लिहितो."

"कारण काय लिहिता?"

"हेच, की नालवाडी मले लांब पडते."