दोन बोटं खाली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सुतार मंडळाचे ज्येष्ठ पदाधिकारी, समोर बसलेले मिस्त्री, कारागीर, बंधू आणि भगिनींनो, आणि हारांच्या ओझ्याने मान अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे कौतुकाने ‘ओळंबा मिस्त्री’ म्हणता आणि मी नाइलाजाने ‘व्याही’ म्हणतो, सर्वांना माझा नमस्कार.

मी औषधाचं दुकान चालवणारा माणूस. सुतारकामातलं मला काय कळतं? काही कळत नाही, हे व्याह्यांनी लग्नाच्या बोलण्यांतच सांगून टाकलं होतं. आमच्या घरी प्रथम आले, तेव्हा माझ्या मुलाला नोकरी काय, पगार काय, हे विचारायचं सोडून यांनी आमचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. म्हणाले, “दार घासतंय तुमचं.” तरीही सोयरीक जुळली. त्यांची लेक आमची सून झाली आणि दार मात्र अजून घासतंच आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी यांच्या विनम्रतेचा फार गौरव केला. असेल बुवा. मी इतकी वर्षं शोधतोय, मला काही ती गवसली नाही. जुन्या घराला नवी खोली जोडायची, तर ती यांनीच, असा यांचा हेका. आणि खरं सांगायचं तर लोकांचाही. छपराचा उतार कागदावर बघायचा नाही, जुन्या वाशावरून घ्यायचा. आजकालचं लाकूड जुन्यापेक्षा बारीक येतं, म्हणून नव्या वाशांखाली पट्ट्या घालून ते उचलायचे, म्हणजे नव्या वाशाची पाठ जुन्याच्या पाठीला मिळते आणि वळचण एका रेषेत धावते. हे मला पाठ आहे, कारण प्रत्येक जेवणाला मी ते ऐकलेलं आहे. पट्टी विसरणाऱ्या शिष्याला यांनी काय काय ऐकवलं, ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. शेजारच्या कामावरून ज्यांनी ते ऐकलंय, ते आत्ता हसताहेत.

तर विहीणबाई गेल्या आणि हे घरात एकटे उरले. चहा करायचे आणि प्यायचा विसरायचे. सूनबाईने धोशा लावला, बाबांना इकडेच आणायचं. मीही म्हटलं, आणा. हे तयार होईनात. शेवटी एका अटीवर कबूल झाले: काम थांबवलं की यायचं, पण आमच्या घराला जोडून वेगळी खोली, आणि ती हे स्वतः बांधणार. आज काम थांबलं. आज संध्याकाळी हे राहायला येणार आहेत. ‘चार दिवस’ असं म्हणताहेत, ते ऐकलं की सूनबाईचे डोळे भरून येतात.

आता मुद्द्यावर येतो. खोली उभी राहिली आणि रस्त्यावरून जाणारं पोरही सांगेल, अशी वळचण तुटली. घराची वर, खोलीची दोन बोटं खाली. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमचं घर तर जागच्या जागी होतं. मग कुजबुज सुरू झाली. मिस्त्रींची नजर गेली. मिस्त्री पट्टी विसरले. आजचा हा सत्कारही त्या कुजबुजीतूनच ठरला, हे अध्यक्षमहोदय नाकारणार नाहीत. आणि ज्या माणसाला आपल्या कामाबद्दल अर्धा शब्द सहन होत नाही, तो हे सगळं ऐकून गप्प होता. मला वाटलं, म्हातारा खरंच थकला.

परवा सूनबाई खोली झाडत होती. कोपऱ्यात पट्ट्यांचा भारा. कापलेल्या, रंधा मारलेल्या, नेमक्या दोन बोटं जाडीच्या. तिने बापाला विचारलं, “बाबा, या केल्या होत्या, तर लावल्या का नाहीत?”

हे म्हणाले, “अगं, लेकीच्या सासरी बापाचं छप्पर दोन बोटं खालीच बरं दिसतं.”

मंडळी, मला राग आला. अजूनही आहे. व्याही, मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो, ते काय तुम्हाला खालचा समजून? खालच्याशी कोणी इतकं भांडतं का? औषधाच्या पुड्या बांधता बांधता दिवसभर मी हेच घोळवत होतो. तुम्ही जन्मभराचं नाव मातीत घालवलंत, नजर गेली असं लोकांना म्हणू दिलंत, ते माझा मान राखायला! असला मान मी कधी मागितला होता? आणि तुमची लेक रोज अंगणातून ती तुटलेली रेषा बघत राहणार, त्याचं काय?

आता सत्कारमूर्तींनी कृपया खुर्चीतून उठू नये.

मागच्या रांगा रिकाम्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमचे झाडून सगळे शिष्य आज गैरहजर. तुम्हाला वाईट वाटलं, मी बघत होतो. ते सकाळपासून माझ्या घरी आहेत. कौलं उतरवून, तुमच्याच पट्ट्या वाशांखाली घालताहेत. शेवटची कौलं चढेपर्यंत तुम्हाला इथे अडकवून ठेवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. भाषण लांबलं ते त्यामुळे. आत्ताच अध्यक्षांच्या फोनवर निरोप आलाय, वळचण मिळाली. सूनबाई या कार्यक्रमाला का आली नाही, असं तुम्ही आल्या आल्या विचारलंत. ती तिकडे शिडी धरून उभी आहे.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. व्याह्यांना न विचारता त्यांच्या कामाला हात लावला, त्याची मात्र मी माफी मागणार नाही. चला व्याही, घरी जाऊ.