घरचा नंबर

माझ्या हातची मशीन कधी चुकली नाही, ऐका. समता कॉलनीतल्या दवाखान्यात रोग्याची नाडी दाखवणारी मशीन पुसून, तारा तपासून झाल्या की तिचा चिमटा मी आधी स्वतःच्या बोटाला लावायचो. एका दुपारी ती किंचाळायला लागली.

“मशीन बिघडली,” मी म्हणालो.

सिस्टरने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. मशीन गप्प.

“मशीन ठीक है, काका. आपकी धड़कन गड़बड़ है, भरती करना पड़ेगा. घर का नंबर बताओ.”

घरी कोणी नाही, हे मला सांगवेना. पाठ होता तो एकच नंबर सांगितला. तिने मोबाइलवर लावला, तर आमच्याच वॉर्डातला फोन वाजला. मीच उठून उचलला.

ती माझ्याकडे बघत मोबाइलवर बोलली, “काका को भरती कर रहे हैं.”

“हव,” मी म्हणालो, “सांगतो त्याले.”