अमावास्येचा दर्भ

आमच्या बाबांना कुंपणातून आत शिरताना पकडलं होतं, सांगितलं का तुम्हाला? श्रावणातल्या अमावास्येला उपटलेला दर्भ वर्षभर चालतो, म्हणून भटजी तो दिवस चुकवत नाहीत. यंदा किहीमची आमची नेहमीची जागा कुणा मुंबईकराने घेतलेली. तरी बाबा तारेखालून आत गेलेच! मूठभर उपटला, तेवढ्यात रखवालदार ओरडला, "सायेब, कोन तरी भटजी घुसलाय!"

"सोडू नको त्याला!" आतून आवाज आला.

बाहेर मी घाईघाईने स्कूटर सुरू केली. मालक धावत आले आणि चक्क बाबांच्या पाया पडले. "गुरुजी, पितृपक्षात वडिलांचं श्राद्ध आहे. इथे भटजीच मिळत नाही हो!"

बाबा म्हणाले, "येतो की. दर्भ तुमच्याच घरचा आहे."