बाबांचा डावा कान

हॅलो?… हॅलो, कोण?… अहो, तुम्ही? विहिरीतून बोलल्यासारखा आवाज का येतोय?… सॅटेलाइट फोन? कॅम्पचा?

नाही, बोला ना. मी इथंच, कारोईतच. अंगणात बसलेय, भुईमूग सोलतेय. सकाळपासून वीज नाही, मक्याच्या पिठाचा साडझा चुलीवर ढवळायचाय अजून… अनेसू शाळेत गेलीय. बरी आहे. खोकला गेला तिचा.

कोंबड्या?… कोंबड्यांना काय धाड भरलीय? अहो, भर दुपारी कोंबड्यांची चौकशी करायला फोन केलात?… छप्पर? छपराचं काय…

थांबा. जरा थांबा. हा फोन संकटाशिवाय कुणी हातात घेत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय. काय झालंय?

काही नाही कसं? हे बघा, माझे बाबा पस्तीस वर्षं शिकाऱ्यांच्या पुढं माग काढत चाललेत. मी त्यांची मुलगी आहे. उन्हं डोक्यावर असताना शिकारी फोनवर गप्पा मारतो, म्हणजे त्याला बसून राहणं भाग आहे. कुणाला लागलीय गोळी?… रेडा. रानरेडा. अगं बाई.

कुठं लागली?… पोटात. पैसे भरून शिकारीला आलेल्या त्या पाहुण्यानंच मारली ना?… आणि तुमची दुसरी?… झाडोरा आडवा आला. बरं. मग कुठं शिरला?… नदीकाठच्या काटेरी जाळीत. तिथंच शिरायचं होतं त्याला.

किती वेळ झाला?… पंधरा मिनिटं. मग अजून अर्धा तास बसा. रेडा आखडू दे चांगला… हो, हो, माहीत आहे तुम्हाला, परवाना तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही. तरी सांगते. चहा करा. झाला की दुसरा करा.

आणि ती फिल्म? फिल्म चाललीय अजून?… पाहुण्याचा मेहुणा? तो का तुमच्या तोंडासमोर कॅमेरा धरून बसलाय?… 'थरारक' म्हणतोय! त्याला म्हणावं, रेडा बाहेर आला की दाखवेल थरार. टोपीवर कॅमेरा, छातीवर कॅमेरा, बंदुकीवर कॅमेरा… इतके डोळे लावून गोळी पोटात!

हसत नाहीये मी. हसले का?… चुकून.

काय?… परवाची? परवाची तपकीर? नाही, बाबांनी मला नाही सांगितलं… निघताना वडाखाली तपकीर ठेवली, पूर्वजांना कळवलं, बरोबर आहे. दरवर्षी ठेवतात… पुन्हा? पुन्हा का ठेवली?… कॅमेऱ्यात नीट आलं नाही म्हणून!… आणि तिसऱ्यांदा? अहो, झोपलेल्या म्हाताऱ्यांना एकाच सकाळी तीनदा हाका मारल्यात?… संपली? मग तिसऱ्यांदा काय ठेवलं?

…चहाची पूड.

चहाची पूड! आजोबांना! आणि बाबांनी ठेवू दिली?… स्वतः ठेवली? मेहुण्यानं हात जोडले म्हणून?… नाही, मी रागावले नाही. मला भीती वाटतेय. हसण्यावारी नेऊ नका. तुमची पहिली सफारी, पाहुण्याची पहिली सफारी… पहिल्याच खेपेला हे करायचं का?

बरं, मला एक सांगा. आत कोण कोण जाणार?… पाहुणा नाही ना?… बाहेरच, बरोबर. वनखात्याचा गार्ड त्याच्यापाशी थांबणार… म्हणजे आत तुम्ही आणि… बाबा.

नाही, काही नाही. बोला तुम्ही.

हो, ऐकतेय. बाबा पुढं, मान खाली, रक्त बघत. तुम्ही मागं, बंदूक घेऊन, नजर समोर. हो. असंच असतं. माहीत आहे… जखमी रेडा वळसा घालून आपल्याच मागाशेजारी उभा राहतो, तेही माहीत आहे. डोळ्यांना दिसत नाही, आधी कानाला कळतो. काडी मोडते. श्वास येतो… बाबांचे कान आहेत म्हणून निश्चिंत आहात. हो. सगळेच म्हणतात तसं.

…काय? फिल्ममध्ये सुद्धा? काय म्हणाला मेहुणा?… 'या म्हाताऱ्याला रेड्याचा श्वास ऐकू येतो.' अरे देवा.

अहो… अहो, ऐका ना. बाबांना जरा फोन देता?… असंच. बोलायचंय. जाळीत शिरायच्या आधी बापाशी बोलू नये का लेकीनं?… द्या ना.

हॅलो? बाबा?… बाबा, मी मायदेई… बाबा! दुसऱ्या कानाला लावा. उजव्या… दुसऱ्या… हां. आता?

हो, मी बरी आहे. बाबा, आसपास कोण आहे?… जरा लांब व्हा त्यांच्यापासून. एखाद्या मोपानीच्या झाडाखाली जा… गेलात?

बाबा, तुम्ही आत जायचं नाही.

…का म्हणजे? का ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. जूनच्या थंडीत तुम्ही इथं आला होतात, पाठीमागं ट्रक भोंगा वाजवत होता आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध चालत होतात. मी दंडाला धरून ओढलं म्हणून… आठवतं ना? डावा कान गेलाय. उजवा अर्धा. पस्तीस वर्षं लोकांनी तुमच्या डोक्यावरून बंदुका उडवल्या, दुसरं काय होणार?

हो, दिलं होतं वचन. 'जावयाचा पहिला हंगाम पार पाडून देतो, मग बसतो घरी.' तुम्ही हात धरलात माझा, मी काय बोलणार होते? गप्प राहिले. नवऱ्यापासून लपवलं. रोज रात्री वाटायचं, सांगावं… तेव्हा हरणांवरच चालला होतात हो तुम्ही सगळे. हा जखमी रेडा आहे!

नाही, बाबा. नाही. 'माग अर्धा टाकून उठणारा मी नव्हे'… ठीक आहे, नसाल. पण डावीकडून आला तर?… पावलांनी जमीन हादरते म्हणे! जमीन हादरेपर्यंत तो अंगावर असतो, हे मला लहानपणी कुणी शिकवलं?

आणि ते मरू दे. तुमचं मरणं तुम्ही बघून घ्याल. मागं तो आहे. माझा नवरा तुमच्या कानांवर विसंबून मागून चालणार आहे. तुम्ही मान हलवली नाहीत तर त्याला वाटणार, समोर काही नाही.

…सांगायचं मग त्याला. तुम्ही सांगा.

का नाही?… हो, कॅमेरा आहे. हो, लोक बघतील. बाबा, मला कळत नाही का? मला कळतं सगळं… पण तो तुम्हाला 'बसा' म्हणणार नाही. जावई आहे तो. सासऱ्याला हुकूम द्यायला त्याची जीभ रेटायची नाही. जन्मात नाही. तुम्ही उठलात की तोही मुकाट्यानं मागून उठेल. म्हणून तुम्हीच…

बाबा? तुम्ही सांगता की मी सांगू?

…कुठं निघालात?… त्यांच्याकडे?

…म्हणजे मीच सांगायचं. द्या. त्यांना द्या फोन.

हॅलो. अहो, ऐका आणि मधे बोलू नका. बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात. उजव्यानं निम्मं… नाही, थट्टा नाही… जून महिन्यापासून माहीत आहे मला… हो, तीन महिने. हो, मी. मी लपवलं. तुमच्या तोंडावर खोटं बोलले. शिव्या घाला मला, घरी आल्यावर घाला, आत्ता नको. आत्ता फक्त त्यांना नेऊ नका.

…'मी कसं सांगू'! तेच म्हणत होते मी त्यांना! दोघांच्या मध्ये मी इथं दोनशे किलोमीटरवर बसलेय भुईमुगाच्या टरफलांत!

काय?… काय करतायत?… बसले? खाली बसले? बूट काढले?… पाहुण्याला काय सांगतायत?… गुडघा.

हो. हो, गुडघाच. दुखतो त्यांचा. जुनाच आहे. तुम्हीही तसंच सांगा… सुटले बाई. सुटले. तुम्ही एक काम करा, अजून थोडा वेळ…

मग पुढं कोण?

माग कोण काढणार?… तुम्ही?… तुम्हीच रक्त बघणार, तुम्हीच समोर बघणार? दोन्हीकडे कसं बघाल? एकटे?

…अहो, नाही. मला हे नव्हतं म्हणायचं. मी बाबांचं बघितलं, आणि तुम्हाला… मी काय करून बसले हे! थांबा. गार्डला न्या… त्याला पाहुण्यापाशी ठेवावंच लागतं? नियम गेला चुलीत!… मग जाऊ नका. उद्या सकाळी जा. मरेल तो रात्रीतून.

…कुठल्या बायका?… त्याच वाटेनं? पाण्याला?… ऊन उतरलं की. हो.

हो, समजलं. पोटात गोळी घेऊन बसलेला रेडा, आणि डोक्यावर हंडे घेऊन बायका… नाही, आता अडवत नाही. मीही पाण्याला जाणारीच बाई आहे.

अहो, सावकाश जा. घाई करू नका. दर दहा पावलांना उभं राहायचं, बाबा राहतात तसं. पानावरच्या रक्ताकडे नंतर बघायचं, आधी… हो. हो. शिकवत नाहीये… जा.

…जा म्हणते ना. बाबांकडे द्या फोन. बंद करू नका, चालू द्या.

बाबा?… उजव्या कानाला आहे ना?… गेले?… कितपत दिसतायत?… आता नाही दिसत.

नाही, मी नाही बोलत. तुम्हीही बोलू नका.

…बाबा, तुम्ही बरोबर केलंत… नाही, दूषण देत नाही. मीच… जाऊ दे. कोण बडबडतंय तिथं?… त्या मेहुण्याला गप्प करा. काहीही करा. नाही आवडलं त्याला, तर नाही आवडलं!… हां.

तुम्हाला काय ऐकू येतंय?… काहीच नाही? बाबा, फोन जाळीकडे धरा. हात लांब करा. माझ्याकडे नको, जाळीकडे. मी ऐकते.

…

किडे ओरडतायत. एक पाखरू… उडालं. घाबरून उडालं.

…

बार! बाबा, बार झाला!… तुम्हीही ऐकलात? एक… दुसरा! दोन झाले. दोन.

आता गप्प. कुणी हलू नका. रेडा मरताना ओरडतो का ते ऐकायचंय… मला माहीत आहे कसा ओरडतो, तुम्हीच नक्कल करून दाखवायचात. फोन तिकडेच धरा…

…

काही नाही.

…अजून काही नाही.

…

आला! बाबा, आला! लांबलचक… गाईसारखा, पण कितीतरी लांब. खालीखाली गेला. थांबला. तेच ना? मरतानाचं तेच ना ते?… शंभर टक्के, बाबा, मी ऐकलं. नाही, मनाचे खेळ नाहीत. रेडा मेला.

पण हे बोलत का नाहीत? हाक मारा त्यांना! जोरात. 'जावई' नको, नावानं मारा. गारिकाय म्हणा… आणखी जोरात!

…फोन तिकडे धरा.

…

शिट्टी. बाबा, शिट्टी आली. मग… हो, त्यांचाच. त्यांचाच आवाज. 'येऊ नका अजून' म्हणतायत. चांगला ठणठणीत आवाज आहे. जिवंत आहेत, बाबा… जिवंत आहेत म्हणते. अहो, माझा नवरा जिवंत आहे!

…नाही, रडत नाही. रडू दे जरा.

कोण विचारतंय?… पाहुणा? काय म्हणतो, मेला का?… सांगा ना, मेला म्हणून. आणि बाबा, ऐका, 'मी ऐकलं' असं सांगा. तुम्हीच ऐकलंत. कॅमेरा चालू असेल, मेहुणा सगळं टिपतोय. मी कुणाला सांगणार नाही. आपल्या दोघांतच…

बाबा? काय बोलताय त्याच्याशी? तुमचं ते इंग्रजी…

बाबा!

…हे कशाला सांगितलंत? 'माझ्या लेकीनं ऐकलं. मी बहिरा आहे.' गुडघ्याचं नाव चांगलं चाललं होतं की!… हो, पण तो मेहुणा दाखवणार ते जगाला. पस्तीस वर्षांचं नाव तुमचं, एका मिनिटात… आता कोण घेईल तुम्हाला कामाला?

काय म्हणालात?… पुन्हा म्हणा.

…

'तो एकटा आत गेला आणि मी गुडघ्याच्या नावावर बसू?'…

बरं. बरं, बाबा.

मग आता ऐका. हंगाम संपायची वाट बघू नका. घरी या… काय?… घरी या म्हणते… नाही आलं ऐकू? घ-री या! माझ्या घरी! ओरडतेच आहे, ओरडू दे! शेजारणी बघतायत, बघू देत! इतके दिवस कुजबुजत होते, आता नाही… हो! घरी! अनेसूच्या खोलीत! कायमचे!

…ऐकलंत ना?

बरं. ठेवते.