हेमिंगचा मागचा पाय सरळ होता

सन्माननीय अध्यक्ष ओद्लाउग, व्यासपीठावरची परीक्षक मंडळी, आन्फिन यांना घेऊन जायला बेर्गनहून आलेले त्यांचे लेक-जावई, आजचे उत्सवमूर्ती आन्फिन रेक्स्ता, आणि नूरफ्योर्डमधल्या समस्त घोडेवाल्यांनो आणि घोडेवालींनो,

मला सांगितलंय, पाच मिनिटं. लापशी गार होते आहे, हेही सांगितलंय. लापशी परत गरम करता येईल. आन्फिन मात्र उद्या सकाळच्या बोटीनं जाणार आहेत.

चौतीस वर्षं हा माणूस परीक्षक म्हणून आपल्या घोड्यांच्या मागेपुढे फिरला. आपल्या पिवळट घोड्याची पाठीवरची काळी रेघ, पायांवरचे पट्टे, मधे काळी आणि कडेला पांढरी आयाळ, हे सगळं आज जसंच्या तसं आहे ते कुणामुळे? आपल्या पणजोबांमुळे तर नक्कीच नाही! त्यांना मोठा घोडा हवा होता. त्यांनी पूर्वेकडचा दांडगा घोडा आणून आपल्या घोड्यांत मिसळला. पहिली शिंगरं बघून खूश झाले, आणि पुढच्या पिढीत भलतेच रंग, भलतेच स्वभाव निघाले. शेवटी ते सगळं रक्त बाजूला काढून, उरलेल्या शुद्ध घोड्यांवर पुन्हा सुरुवात करावी लागली. रक्तातलं लपवलेलं कधीतरी वर येतंच. हे मला कुणी सांगायला नको, कारण मीही एकदा लपवलं होतं.

आन्फिन, मान हलवू नका. मी सांगणार आहे.

सव्वीस वर्षांपूर्वीचं प्रदर्शन बऱ्याच जणांना आठवत असेल. माझा तीन वर्षांचा हेमिंग. त्या दिवशी मैदानावर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. मी त्याची आयाळ अशी कातरली होती, की काळी रेघ धनुष्यासारखी उठून दिसत होती. माझे वडील मोन्स कुंपणापाशी उभे राहून येईल त्याला सांगत होते, "आता आमच्या घरचं नाव वंशावळीत लागणार!" आणि आन्फिननी त्याला नापास केलं. कारण काय लिहिलं? चालताना मागचा पाय आत पडतो.

सगळं मैदान खवळलं. "परीक्षकाला दिसत नाही!" कुणी म्हणालं, "होड्या ठेवायच्या खोपटाच्या हद्दीवरून मोन्सशी वाकडं आहे ना, त्याचं उट्टं काढलं." बाबांनी तेच खरं मानलं आणि मरेपर्यंत या माणसाशी शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं. आन्फिनच्या बाजूनं किती हात वर झाले, ते तुम्ही पाहिलंत. मी तेव्हा तिसऱ्या बाकावर खाली मान घालून मोजे विणत होते.

आता खरं ऐका. हेमिंगच्या कपाळावर, झुलपांखाली, बोटाच्या पेराएवढा पांढरा ठिपका होता. घोडीला असता तर चालला असता. वंशासाठी ठेवायच्या घोड्याला चालत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मी काळी कॉफी आटवून आटवून घट्ट केली आणि पहाटे तो ठिपका रंगवला. बाबांनाही कळू दिलं नाही.

मैदानावर भुरभुर पाऊस होता. आन्फिननी झुलपं वर केली, कपाळावरून अंगठा फिरवला. अंगठा तपकिरी झाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "पोरी, हा कॉफीत दूध घेतो का काळीच पितो?"

त्यांनी फसवणूक लिहिली असती, तर आमच्या घरचा एकही घोडा पुन्हा मैदानावर आला नसता. ते कुंपणाकडे, बाबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घोडा वंशात जाणार नाही. पण तू उद्या या गावात राहणार आहेस." आणि त्यांनी तो पाय लिहिला.

चौतीस वर्षांत आन्फिननी लिहिलेलं ते एकच खोटं. त्याची शिक्षा त्यांनी भोगली, मी नाही. हेमिंग खच्ची झाला, गावातल्या किती नवरीनवऱ्यांना त्यानं चर्चमध्ये पोचवलं, गेल्या हिवाळ्यात गेला. मी मात्र मूग गिळून बसले. बाबांच्या शेवटच्या दिवसांतही सांगितलं नाही. मला लाज वाटते, आन्फिन. तुमच्यासमोर आणि या सगळ्यांसमोर वाटते.

चिटणीस, कृपा करून इतिवृत्तात लिहा: हेमिंगचा मागचा पाय सरळ होता. वाकडी त्याची मालकीण होती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. न बोलण्यात जे झालं, त्याची माफी मी फक्त एकाच माणसाकडे मागते.

आणि अध्यक्ष, बसण्याआधी एक ठराव. आन्फिन रेक्स्ता यांना संघटनेचे मानद अध्यक्ष करावं. मतदान आत्ताच, हात वर करून. मी आज विणकाम घरी ठेवून आले आहे.