ढवळे ड्रायव्हरांची पावती

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. मोठ्याने उत्तर देऊ नका, शेजारी बायको बसली असेल! एखादी चूक आपण रोज करतो. वर्षानुवर्षं करतो. कुणी अडवत नाही, कुणी बोलत नाही. मग ती चूक राहते, की आपला हक्क होतो? आणि एके दिवशी कुणी अडवलंच, तर राग चुकीचा येतो — की अडवणाऱ्याचा?

थांबा, मान हलवू नका अजून. आधी मल्हारी ढवळे यांची गोष्ट ऐका, मग हलवा!

हे ढवळे एस.टी.चे ड्रायव्हर. तालुक्याच्या गावी राहायचे. अंगाने आडवे, मिशी पांढरी, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी — आणि अठ्ठावीस वर्षांत एक अपघात नाही! गाडीला ओरखडा नाही! रस्त्यात शेळी आडवी आली तर हा माणूस गाडी थांबवून शेळीला म्हणायचा, "जा बाई, आधी तू जा." म्हणून डेपोने त्यांचा सत्कार ठरवला. शुक्रवारी. शाल, नारळ, बिल्ला, सगळं!

पण मंडळी, हे झालं बसवरचं. घरून डेपोला जायला त्यांच्याकडे होती स्कूटर. आणि स्कूटरवर बसले की ढवळे वेगळे! घर तेली गल्लीत. डेपोला सरळ रस्त्याने जायचं तर महादेवाच्या देवळाला वळसा. पण बाजाराच्या गल्लीतून उलटं घुसलं, की चाळीस पावलांत डेपोचं फाटक! गल्ली एकेरी. अकरा वर्षांपूर्वी तिथे प्रवेशबंदीची पाटी लागली. ढवळ्यांनी पाटी नीट वाचली — आणि पाटीखालूनच गेले! रोज गेले. फुलवाला नमस्कार करायचा, चहावाला हात करायचा. कुणाला वाटलंच नाही की हा माणूस उलटा चाललाय. त्यालाही नाही!

आणि मंगळवारी सकाळी नऊला, गल्लीच्या तोंडाशी एक हात आडवा आला.

वाहतूक पोलीस. नवीन पोरगी, शैला गुरव. नोकरीला सहा महिने झालेले.

"काका, गाडी बाजूला घ्या. लायसन दाखवा."

"अगं पोरी, मी ढवळे! डेपोत चाललोय. गाडी सुटायची वेळ झालीय."

"एकेरी रस्ता आहे, काका."

"अकरा वर्षं जातोय मी इथून!"

आता बघा! चोराने पोलिसाला सांगावं, मी अकरा वर्षं चोरी करतोय — आणि वर छाती फुगवावी! हसताय काय पखवाजवाले बुवा? तुमची गाडी कुठून आली ते मी मघाशी पाहिलंय!

शैला शांतपणे म्हणाली, "काका, इथून म्हाताऱ्या बाया भाजी घेऊन रस्ता ओलांडतात. गाडी एकाच बाजूने येणार म्हणून त्या एकाच बाजूला बघतात. तुम्ही दुसरीकडून येता." मशीनवर बटणं दाबली, पावती काढली, हातात दिली. फुलवाला बघतोय. चहावाला बघतोय. आणि एस.टी.ची वाट बघणारी दहा-पंधरा माणसं — तीही बघतायत!

ढवळ्यांचा चेहरा तांबडालाल. दंडाचं काही नव्हतं हो! लाज! अठ्ठावीस वर्षांची इज्जत काल आलेल्या पोरीने चौकात उतरवली, असं वाटलं त्यांना. सरळ भाच्याला फोन. भाचा प्रवीण, नगरसेवक. तो म्हणाला, "मामा, निर्धास्त राहा. साहेबांशी बोलतो. पावती रद्द. आणि त्या पोरीला अशा ठिकाणी टाकायला लावतो, की पुन्हा कुणाला हात दाखवणार नाही."

ढवळे यावर काय बोलले? काही नाही. गप्प राहिले. मंडळी, या गप्प राहण्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

गुरुवारी ढवळे वाघोशीची बस घेऊन निघाले. परतताना वाघोशीच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. कंबरेतून वाकलेली, हातात दवाखान्याची पिशवी. तिला धरून साध्या साडीतली एक मुलगी. ढवळ्यांनी आरशात पाहिलं — शैला! ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर दोघी बसल्या.

म्हातारी विचारते, "शैले, डायवर कोण हाय गं?"

"ढवळेकाका हायत, आई."

"मग मी झोपते जरा."

आणि झोपली! खिडकीला डोकं टेकून लहान लेकरासारखी! शेजारच्या बाईला शैला हळू आवाजात सांगत होती, "दोन वर्षांमागं आई बसलेली वडापची जीप उलटली. तेव्हापासून गाडीत बसली की दांडी घट्ट धरते, डोळा मिटत नाही. फक्त ढवळेकाकांच्या गाडीत झोपते."

ढवळ्यांच्या कानावर पडलं सगळं. हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर. त्या दिवशी त्यांनी एकाही खड्ड्यात गाडी आदळू दिली नाही.

बस स्टँडला लागली. आईला बाकावर बसवून शैला ड्रायव्हरच्या दारापाशी आली.

"काका, साहेबांनी बोलावलं होतं. पावती चुकून झाली असं लिहून दे म्हणाले. मी नाही दिलं. बदली करणार असतील तर करू देत, आईला घेऊन जाईन. पण खोटं नाही लिहिणार. तुमच्या पाठीमागे काही नको, म्हणून सांगितलं."

"तू मला ओळखत होतीस? मंगळवारी?"

"ओळखत होते, काका. म्हणून तर बटणं दाबताना दोनदा चुकले."

ढवळे खाली उतरले. तिथेच, तिच्यासमोर, भाच्याला फोन लावला. "प्रवीण, साहेबांना आत्ताच्या आत्ता सांग. पावती बरोबर आहे. दंड मी भरतोय. आणि पोरीच्या बदलीचं नाव काढलंस तर माझ्या घरची पायरी चढू नकोस!"

"अहो मामा, उद्या सत्कार आहे तुमचा! लोकांना कळलं तर?"

"कळणारच आहे. मीच सांगणार आहे."

आणि सांगितलं हो! शुक्रवारी डेपोत मंडप, डेपोचे साहेब खुर्चीत, ढवळ्यांच्या गळ्यात हार. ढवळे माईकसमोर उभे राहिले. "हा बिल्ला बसवरच्या ढवळ्याला मिळालाय, तो मी घेतो. पण स्कूटरवरच्या ढवळ्याला मंगळवारी दंड झालाय. तोही माझाच. एका पोरीने मला अडवलं, आणि मी तिचीच नोकरी अडचणीत आणायला निघालो होतो. तिची मी माफी मागितली आहे."

तेवढ्यात मागून एक कंडक्टर पुटपुटला, "आयला, मी पण तिकडूनच येतो!" एक हसला, दुसरा हसला, पाच-सहा जणांच्या माना खाली गेल्या. शनिवारी सकाळी देवळाच्या पुजाऱ्याला वाटलं आज सोमवार आहे की काय — महादेवाला वळसा घालत सात स्कूटर चालल्या होत्या!

आणि शैला? तिथेच आहे. बदली झाली नाही.

तर मंडळी, आता तुमची पाळी! पोलिसाचं सोडा. घरात सुनेने म्हटलं असेल, "मामंजी, दुपारी टीव्हीचा आवाज कमी करा, बाळ झोपलंय." दुकानात नोकराने म्हटलं असेल, "शेठ, माप कमी भरतंय." खरं बोललं ते माणूस! आणि तुम्ही? तुम्ही अबोला धरला, कुणाला कामावरून काढलं, कुणाबद्दल गावभर सांगत सुटलात. आलं ना एक नाव डोळ्यांसमोर? आलंच! चेहरे दिसतायत मला इथून!

मग असं करा. डोळे मिटा, आणि त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडा. देवाला नंतर. आधी त्याला.

जड जातंय ना?... मला पण. मी सुद्धा एकाला जोडतोय.

राहू द्या असेच. चला बुवा, धरा ठेका. आता देवाचं नाव घेतलं, तर ते पोचेल!